एकोणतीस इंची

“चित्र कुठंय?” दादानं विचारलं.

टीव्हीतून बातम्या देणाऱ्या बाईचा आवाज खणखणीत येत होता. पाचही स्पीकर चालू होते. दादा आधी टीव्हीच्या समोर उभा राहिला, मग बाजूला गेला, मग मागं जाऊन वायरी हलवून आला. त्याच्या अनवाणी पावलांची चटचट मला फरशीवर ऐकू येत होती. शेवटी त्यानं टीव्हीच्या डोक्यावर दोन थापट्या मारल्या. रेडिओ खरखरायला लागला की आमचे वडील मारायचे तशाच.

“शके, मी काय विचारतोय? ह्याचं चित्र कुठंय?”

चित्र कुठं आहे ते मला पक्कं ठाऊक होतं. पण मी सांगितलं नाही. एक तर त्याचा सूर मला आवडला नव्हता. शिवाय दसऱ्याचा दिवस होता, घर माझं होतं आणि टीव्हीही माझा होता. मला कसलीच घाई नव्हती.

ह्या गोष्टीला आता वीस वर्षं होऊन गेली. मी तेव्हा छत्तीस वर्षांची होते आणि साखर कारखान्याच्या ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर होते. चौथ्या वर्षी गोवरात माझे डोळे गेले. अंधशाळेत शिकले, पुढं टेलिफोनच्या बोर्डाचं काम शिकले, नोकरी लागली आणि कारखान्याच्या कॉलनीत दोन खोल्यांची क्वार्टर मिळाली. ऑफिसातले सगळे नंबर मला तोंडपाठ होते. चेअरमनसाहेबांपासून गेटवरच्या वॉचमनपर्यंत कुणीही नुसतं खाकरलं तरी मी नाव सांगायची. तिथं मला कुणी आंधळी म्हणत नसे, खबालेबाई म्हणत. घरच्यांना मात्र मी शकीच होते, जिला गरम तव्यापासून लांब ठेवायचं असतं ती.

दादा म्हणजे जयवंत, माझा थोरला भाऊ. कराडला सरकारी कचेरीत कारकून होता. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. आई गेल्यावर माझं सगळं त्यानंच पाहिलं. पण पाहता पाहता त्याला पाहण्याची सवयच लागली. माझी साडी तो निवडायचा, मी कुठल्या गाडीनं यावं ते तो ठरवायचा आणि माझ्याकडची एखादी वस्तू त्याच्या घरी जास्त बरी दिसेल असं त्याच्या मनात आलं की ती तिकडं जायची. कारखान्यानं बक्षीस दिलेला टेबलफॅन असाच गेला. मिक्सर गेला. माझी पेटी गेली, जी मी शाळेत असल्यापासून वाजवत होते. “तुला हवं तेव्हा ये की, वाजव,” असं तो म्हणाला होता. कराड माझ्यापासून दीड तासाच्या एसटीवर होतं. दीड तास जाऊन भाऊबिजेला कोण पेटी वाजवणार?

म्हणून ह्या वेळी मी कुणाला विचारलं नाही. पगारवाढीचा फरक हातात आला त्याच आठवड्यात शेजारच्या हौसाक्काला बरोबर घेऊन मी इस्लामपूर गाठलं.

हौसाक्काचा नवरा कारखान्यात पॅनमन होता, साखर शिजवायच्या भांड्यावर. तिचं माझं दार समोरासमोर. तिनं मला हाताला धरून मुल्लांच्या दुकानात नेलं आणि खुर्चीवर बसवून आपण पंख्याखाली उभी राहिली. दुकानाचा मालक अल्ताफ तरुण होता. मी टीव्ही म्हटल्यावर तो क्षणभर घुटमळला.

“ताई, रागावू नका,” तो म्हणाला, “पण तुम्हाला चांगला टेप दाखवू का? नवीन आलाय.”

“टेप आहे माझ्याकडं. तुमच्याकडं सगळ्यात मोठा टीव्ही कुठला?”

“एकोणतीस इंची. पण तो…”

“पण तो काय?”

“काही नाही. या, दाखवतो.”

दाखवतो म्हणाला तसं त्यानं खरंच दाखवलं. माझे दोन्ही हात टीव्हीच्या दोन कोपऱ्यांवर ठेवले. काच गार होती आणि हात लावला की अंगावरची लव उभी राहत होती. एवढी मोठी काच मी कधी हातानं चाचपली नव्हती. मी म्हटलं, हाच. त्याच्याबरोबर पाच स्पीकर आणि एक ठोके घुमवणारा डबा असा होम थिएटरचा संच घेतला. मग मी कॉम्प्युटर मागितला. पुण्याला दोन महिन्यांच्या शिबिरात मी बोलणारा कॉम्प्युटर शिकून आले होते. त्यातला विलायती बाप्या पडद्यावर जे काय असेल ते वाचून दाखवायचा आणि माझ्या नावाची पार चटणी करायचा.

अल्ताफनं यादी लिहायला घेतली. “सीपीयू, कीबोर्ड, स्पीकर, मॉनिटर…”

“मॉनिटर नको.”

“म्हणजे?”

“मी काय करू त्याचं? त्यावर फुलदाणी ठेवू?”

तो हसला, मग मीही हसले. पंख्याखालून हौसाक्काही हसली. मग अल्ताफच्या डोक्यात प्रकाश पडला असणार, कारण तो थांबला. “पण ताई, मग टीव्ही…”

“टीव्ही पाहिजे. एकोणतीस इंचीच पाहिजे.”

त्यानं पुढं एक अक्षर विचारलं नाही. टीव्ही दुकानात लावून हौसाक्काला चित्र दाखवलं, मला आवाज ऐकवला आणि दुसऱ्या दिवशी तीन माणसांनी उचलून सगळं माझ्या घरात आणून जोडून दिलं. रिमोटवरची बटणं मी दोन दिवसांत पाठ केली.

एवढी खरेदी केल्यावर ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवतंय का? मी वहिनीला फोन केला. रंजनावहिनी माझ्याच वयाची, कमी बोलणारी. मी तिला स्पीकर किती, कुठं कुठं टांगले, मागच्या स्पीकरमधून पाऊस कसा पाठीमागं पडतो, सगळं रंगवून सांगितलं. कॉम्प्युटरवर मी स्वतः पत्र लिहिलं तेही सांगितलं. ती “हो का? अगं बाई,” करत राहिली. शेवटी तिनं आवाज खाली आणला.

“ह्यांना विचारलंत का?”

“नाही.”

“बरं,” ती म्हणाली. “छान केलंत.” पण तिच्या आवाजात काळजी होती.

दसऱ्याला चार वाजता टीव्हीवर एक जुना मराठी सिनेमा होता. मी आमच्या क्वार्टरांच्या ओळीतल्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की सोनं द्यायला याल ते चारलाच या आणि टीव्ही बघूनच जा. सकाळी हौसाक्का पूजा करून गेली. टीव्हीला झेंडूची माळ घातली, स्पीकरना एकेक फूल वाहिलं आणि कीबोर्डवर हळदकुंकू अशा सढळ हातानं टाकलं, की पुढं महिनाभर त्याची दोन बटणं अडकत होती. मी चिवडा केला, पेढे मागवले.

आणि तीन वाजता दादा आला. बरोबर वहिनी होती, आणि दारात टेम्पो.

“रिकामाच चालला होता इकडं,” दादा म्हणाला. “म्हटलं, बसून जावं.”

टेम्पो रिकामा का आला असेल ते मी ओळखलं. पण सणाचा दिवस होता. मी पाणी दिलं, पेढा दिला. त्यानं पेढा तोंडात टाकला आणि तसाच उठून टीव्ही लावायला गेला. मग ते चित्राचं सुरू झालं.

त्यानं टीव्हीवरची सगळी बटणं दाबून पाहिली. आवाज लहानमोठा झाला, चॅनल बदलले, एकदा कीर्तन लागलं, एकदा क्रिकेट. चित्र काही येईना.

“नुसता काळा ठिक्कर,” तो वहिनीला म्हणाला. “बघितलंस? मला वाटलंच होतं. आंधळ्या बाईला बिघडलेला माल गळ्यात मारला. हिला काय कळणार? आवाज आला की झालं.”

“दादा, दुकानात चालवून बघितलाय,” मी म्हणाले.

“कुणी बघितलाय? तू?”

ह्यावर मी गप्प बसले. बोलता आलं असतं, पण तो किती पुढं जातो ते मला ऐकायचं होतं. तो बराच पुढं गेला. आता त्याची नजर कॉम्प्युटरकडं वळली असावी. टेबलाभोवती फिरल्याचा आवाज आला, मग त्यानं टेबलाखाली वाकून पाहिलं.

“आणि ह्याचा पडदा?”

“घेतला नाही.”

“घेतला नाही, का दिला नाही?”

“मला नको होता. मीच नको म्हटलं.”

“बिनपडद्याचा कॉम्प्युटर असतोय होय कुठं? रंजना, ऐकतीयेस का? पडदा काढून घेतला त्यानं, आणि हिला पटवलं की तुला नकोच म्हणून.” त्यानं कपाळावर हात मारला असावा, तसा आवाज झाला. “शके, तू शहाणी असशील तुझ्या बोर्डावर. पण बाजारात डोळे लागतात. आता असं करू. हे दोन्ही टेम्पोत टाकू. कॉम्प्युटर त्याला परत करू. टीव्ही बदलून घेऊ आणि आमच्याकडं लावू. तसाही तुला त्याचा काय उपयोग? आमच्याकडं चार माणसं बघतील तरी. तुला हवं तेव्हा ये की, ऐक.”

तुला हवं तेव्हा ये की. पंखा, मिक्सर, पेटी. ह्या वेळी मी मान हलवली असती तर पुढच्या दसऱ्याला तो माझा कॉट घेऊन गेला असता आणि मी त्यावर झोपायला कराडला गेले असते.

“राहू दे की,” वहिनी हळूच म्हणाली. “त्यांनी हौसेनं घेतलंय.”

“तू गप गं. दोरी कुठंय बघ.”

एवढ्यात दारात बांगड्या वाजल्या. हौसाक्का आणि तिच्यामागून ओळीतल्या बायका, त्यांची पोरं, दोन-तीन पुरुषमाणसं, सगळी आपट्याची पानं घेऊन आत आली. सोनं घ्या, सोनं द्या झालं. मग सगळी टीव्हीपुढं थबकली.

“आवाज येतोय आन् चित्र न्हाई व्हय?” हौसाक्का म्हणाली.

“तेच सांगतोय मी,” दादा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. “फसवलंय हिला. तुम्ही होता ना आक्का दुकानात?”

“व्हते की. तवा तर चांगलं दिसत व्हतं.” ती अडखळली. “पर काय सांगावं बाबा. दाखवला एक आन् आणला दुसरा, आसंबी करत्यात काही काही.”

हौसाक्काचं हे बोलणं मला दादाच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. दुकानात माझ्याबरोबर हसलेली बाई ती. दोन मिनिटांत तिचाही विश्वास उडाला. बिनचित्राचा टीव्ही म्हटल्यावर माझ्याशी कुणी बोलेना, सगळ्यांचे आवाज टीव्हीकडं तोंड करून येत होते. कुणीतरी चुकचुकलं. कुणी म्हणालं, आजकाल आंधळ्या माणसालाही सोडत नाहीत बघा.

आता मात्र अल्ताफच्या अब्रूचा प्रश्न होता. मी उठले, फोनपाशी गेले आणि पाठ असलेला नंबर फिरवला. तिकडं घंटा वाजायला लागली तेव्हा मी रिसीव्हर दादाच्या हातात दिला.

“हा घे. दुकानदार आहे. विचार त्याला.”

दादानं कचेरीतला आवाज लावला. कोण बोलतंय, कुठला सेट दिला, ग्राहक न्यायालय म्हणजे काय ते माहीत आहे का, वगैरे वगैरे. दसऱ्याचा दिवस, दुकानात केवढी झुंबड असणार, पण अल्ताफनं सगळं ऐकून घेतलं. तिकडचं बोलणं मला तीन फुटांवरून सरळ ऐकू येत होतं. इतकी वर्षं कानावर नोकरी केली होती मी.

“साहेब, सेट चालवून दिलाय,” अल्ताफ म्हणाला. “आमच्या माणसानं तिथंही लावून दिलाय. तुम्ही ताईंना विचारा ना.”

“तिला काय विचारणार? ती आंधळी आहे.”

“हो, पण सेट त्यांचा आहे,” अल्ताफ म्हणाला. “मग त्यांनाच विचारायला पाहिजे ना? त्या म्हणाल्या बिघडलाय, तर मी आत्ता दुसरा पाठवतो. तुम्ही म्हणता म्हणून नाही.”

दादानं रिसीव्हर आपटला. “उद्धट आहे.”

“बरोबर बोलला तो,” मी म्हणाले. “मघापासून तू सगळ्यांना विचारलंस. टीव्हीला विचारलंस, वहिनीला विचारलंस, आक्कांना विचारलंस, इस्लामपूरला विचारलंस. आता मला विचार.”

“काय विचारू?”

“चित्र कुठंय ते.”

“मी आल्या आल्या तुलाच विचारलं होतं.”

“ते तू डाफरला होतास. आता विचार.”

दादाचा श्वास नाकातून जोरात येत होता. तो माझ्यापुढं कधी अडत नसे. त्या दिवशी वीस माणसं बघत होती म्हणून अडला.

“बरं बाई,” तो म्हणाला. “कुठंय चित्र?”

मी उशीखालून रिमोट काढला. उजवीकडचं मोठं बटण एकदा, त्याच्या खालचं दोनदा, मग कडेचं बटण मी दाबत गेले आणि मनात मोजत गेले. दहा, पंधरा, वीस. बाविसाव्याला एक पोरगं म्हणालं, “आलं.” तिसाव्याला मी थांबले.

“आगं बया,” हौसाक्का म्हणाली. “केवढं मोठं हाय ते. आन् रंग तरी कसला.”

सगळी एकदम बोलायला लागली. पोरं पुढं सरकली. वहिनी हसली, ते मी बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं.

“तू… तू बंद करून ठेवलं होतंस?” दादानं विचारलं.

“उजेड शून्यावर आणून ठेवला होता. दादा, चारी बाजूंनी ऊस आहे इथं. आश्विनात दिवा लावला की घरभर पाखरं होतात. ताटात पडलं तर तुम्ही बोटानं काढता, मी खाते. एकदा खाल्लं तेव्हापासून संध्याकाळी माझ्या घरात उजेड नसतो. एकटी असते तेव्हा चित्र कशाला जाळू? आज माणसं यायची होती, चारला लावणारच होते. तू तीनला आलास.”

आधी हौसाक्का हसली, मग सगळी खोली हसली. कुणी मला हसत नव्हतं. दादाला ते लागलं. तो हरलेला माणूस असता तर गप्प बसला असता, पण तो कारकून होता. त्यानं फाईल पुन्हा उघडली.

“ते असू दे. पण मला एक सांग. कॉम्प्युटरला पडदा नको म्हणालीस, कारण तुला दिसत नाही. कबूल. मग हे एवढं धूड कशाला? चौदा इंची घ्यायचा. रेडिओ घ्यायचा. ह्याला एकोणतीस इंची चित्र आहे, ते कुणासाठी?”

प्रश्न रास्त होता. अल्ताफच्याही ओठांवर तोच आला होता, पण त्यानं गिळला होता. मी ह्या प्रश्नाचं उत्तर कुणाला द्यायचं ठरवलं नव्हतं. पण दादानं तो चारचौघांत विचारला, मग मीही उत्तर चारचौघांत दिलं.

“दहावी होऊन मी घरी आले तेव्हा आपल्याकडं टीव्ही आला होता,” मी म्हणाले. “आठवतं? गल्लीत पहिला. रविवारी सिनेमाला निम्मी गल्ली आपल्या बाहेरच्या सोप्यात. कोण कुठं बसणार ते तू ठरवायचास. पहिल्या रविवारी मी सगळ्यांच्या आधी पुढं जाऊन बसले. तू मला हाताला धरून उठवलंस. म्हणालास, तू आत बस, आवाज येतोच की. इथं जागा अडते.”

दादा टीव्हीपासून एक पाऊल मागं सरकला.

“मी आत बसले. चुलीपाशी, भिंतीला पाठ लावून. नोकरी लागेपर्यंत सहा वर्षं, दर रविवारी. तुम्ही बाहेर हसायचा, मला कळायचं नाही का हसला. सिनेमाच्या शेवटी कुणी बोलत नाही, नुसतं वाजत असतं. मी आतून विचारायची, शेवटी काय झालं? तू म्हणायचास, उद्या सांगतो. एकाही सिनेमाचा शेवट तू मला सांगितला नाहीस, दादा. एकाही.” माझा आवाज कापत होता आणि मला त्याची लाज वाटली नाही. “कॉम्प्युटर माझ्या एकटीसाठी आहे, त्याला पडदा नको. टीव्ही चार माणसांत बसायला आहे. माणसं यायला पाहिजेत तर चित्र मोठं पाहिजे. माणसं येतील, बसतील आणि त्यांच्या पुढच्या ओळीत मी बसेन. मला हाताला धरून कुणी उठवणार नाही. म्हणून एकोणतीस इंची. ह्याहून मोठा असता तर तोही घेतला असता.”

बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. कुणी उठलं नाही. टीव्हीवर सिनेमाची नावं सुरू झाली, मागच्या स्पीकरमधून हलगी वाजायला लागली.

मी माझी खुर्ची उचलली आणि टीव्हीपुढं अगदी मधोमध नेऊन ठेवली. पोरांनी सरकून जागा दिली. हौसाक्का आपलं पोतं घेऊन माझ्या पायाशी येऊन बसली. “म्या सांगते तुमास्नी काय काय चाललंय ते,” ती म्हणाली. मघाच्या बोलण्याची ती भरपाई होती. मी ती घेतली. वहिनीही हौसाक्काला खेटून बसली, नवऱ्याला न विचारता. हॉर्न देऊन कंटाळलेला टेम्पोवाला आत डोकावला आणि पेढा घेऊन तोही दाराशी टेकला. खोली गच्च भरली.

दादा एकटाच उभा होता.

“मी कुठं बसू?” त्यानं विचारलं.

हा प्रश्न तो सहज विचारून गेला. खरंच जागा नव्हती. मी म्हटलं असतं तर पोरं अजून सरकली असती.

“आत बस,” मी म्हणाले. “आवाज येतोच की.”

हौसाक्काचा हात माझ्या गुडघ्यावर होता, तो एकदम घट्ट झाला. मला वाटलं, आता हा चपला घालेल आणि जाईल, आणि गेला असता तर मी जाऊ दिलं असतं. पण त्याची पावलं स्वयंपाकघराकडं गेली. भिंतीपलीकडं पाट ओढल्याचा आवाज आला, मग त्याच्या गुडघ्यांची कटकट. तो खाली बसला.

ह्याचं मला वाईट वाटायला हवं होतं, असं पुढं मला दोघातिघांनी सांगितलं. वाटलं नाही. आजही वाटत नाही. मी मान वर केली आणि माझ्या टीव्हीकडं तोंड करून बसले.

सिनेमा शर्यतीच्या बैलांचा होता. हौसाक्का सांगत होती, मी ऐकत होते, मधेच तीच रडायची आणि सांगायचं विसरायची, मग वहिनी सांगायची. दिवेलागणीला पाखरं आलीच. पडद्यावर टपाटप आपटायला लागली, तशी दोन पोरं पंचा घेऊन त्यांना हाकलायला उभी राहिली. शेवटची दहा मिनिटं सिनेमात कुणी बोललं नाही. नुसती हलगी, बैलांचे खूर आणि मग एकदम सगळं शांत. खोलीतही कुणी बोलेना. हौसाक्कानं माझ्या कानाशी तोंड आणून सगळं सांगितलं. त्या वेळी माझ्या अंगावर काटा आला, तो पुढच्या ओळीतल्या सगळ्यांच्या बरोबरीनं आला.

माणसं पांगल्यावर दादा बाहेर आला. टेम्पोवाल्याला त्यानं एवढंच सांगितलं, की दोघांना स्टँडवर सोड. वहिनीनं जाताना माझे दोन्ही हात हातात घेतले. दादा पायरीवर चपला घालत होता. एक घातली, दुसरी घालताना थांबला.

“शके.”

“काय?”

“शेवटी काय झालं गं? नुसतंच वाजत होतं.”

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते माझ्या जिभेवर होतं.

“उद्या फोन कर,” मी म्हणाले. “सांगीन.”

तो टेम्पोत जाऊन बसला. टेम्पो वळून कारखान्याच्या रस्त्याला लागेपर्यंत मी दारात उभी होते.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडून पाच मिनिटं झाली नव्हती, तोच बोर्डावर बाहेरचा फोन वाजला. तिकडं कुणीतरी खाकरलं. कोण ते मला लगेच कळलं, पण मी नाव घेतलं नाही, त्यालाच विचारू दिलं.

“काय झालं शेवटी?” दादानं विचारलं.

मी बोर्डावरच्या बाकी सगळ्या लाइनी थांबवल्या आणि त्याला सगळं पहिल्यापासून सांगायला लागले.